सगळ्यात खालचा खण

"मग मी चुकलो कुठं, तेवढं तरी सांगा ना, मामा!"

विश्वजितनं हे तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा आवाजात आदर होता. दुसऱ्यांदा तक्रार. आता नुसता थकवा.

दस्तगीरमामांनी ब्रश खळीत बुडवला, डब्याच्या काठावर निथळला आणि फाटक्या पाठीच्या पुस्तकाला कापडाची पट्टी लावली. अंगठ्यानं ती वरून खाली दाबत नेली.

मार्च संपत आला होता. वर्षाची पुस्तकमोजणी सुरू होती, सगळी कपाटं उघडी होती, आणि उघड्या कपाटांचा तो कुबट वास पंखा या भिंतीवरून त्या भिंतीवर नेत होता. मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पुस्तकांवर नंबर डकवत बसले होते. नोकरीला चार महिने झाले होते, लग्नाला तीन. हजेरीपटावर माझं आडनाव बदललं होतं, हात मात्र अजून जुनीच सही करत होता. अशा माणसानं मधे बोलायचं नसतं. ऐकायला कुणी बंदी केलेली नसते.

गोष्ट अशी होती.

वैद्यबाई जानेवारीत निवृत्त झाल्या, तेव्हापासून आमच्या वाचनालयात ग्रंथपालाची खुर्ची रिकामी होती. विश्वजित साळोखे सहा वर्षं सहायक. त्याच्याइतकं शिकलेलं त्या इमारतीत दुसरं कुणी नव्हतं. त्या दिवशी पाच वाजता वरच्या मजल्यावर कार्यकारिणीची बैठक होती. तिथं त्याचं नाव मंजूर व्हायचं होतं. आज झालं नाही तर पुढची बैठक जूनमध्ये.

पण आमच्याकडे एक रीत आहे. कागदावर कुठं लिहिलेली नाही. नवा ग्रंथपाल नेमायच्या आधी कार्यवाह खाली येतात आणि सगळ्यात जुन्या नोकराला विचारतात, "याला बसवू का?" तो हो म्हणाला की मग वर ठराव लिहितात.

सगळ्यात जुना नोकर म्हणजे दस्तगीर शिकलगार. पद शिपाई. चौतीस वर्षं.

सकाळी विश्वजितनं त्यांना सहज म्हणून विचारलं होतं, "हो म्हणणार ना मामा?"

मामा म्हणाले होते, "बघू."

'बघू'चा अर्थ मला सासरी नुकताच कळायला लागला होता. विश्वजित अजून अविवाहित होता. त्याला तो संध्याकाळचे चार वाजेपर्यंत कळला नव्हता.

आता त्यानं प्लॅस्टिकचा फोल्डर आणून मामांसमोर ठेवला. खळीपासून जरा लांब.

"नऊ प्रमाणपत्रं आहेत, मामा. संगणकीय ग्रंथालय, पंधरा दिवस. बारकोड, तीन दिवस. जुन्या ग्रंथांचं जतन, एक आठवडा..."

मामांनी हातातल्या जुन्या ग्रंथाची पाठ दाबून धरली.

"आणि हा मागच्या महिन्यातला. वाचकाभिमुख सेवा. पाच दिवसांचा निवासी उजळणी वर्ग. श्रेणी बघा. उत्कृष्ट."

"कुठं झाला वर्ग?"

"जिल्ह्याला. नेहमीच्या हॉलमध्ये."

"दारावरचा पंखा लागतो का तिथला?"

"...नाही. बंद होता."

"माझ्या वेळेपास्नं बंद हाय."

विश्वजितनं मान वर केली. "तुम्ही कधी गेला होता वर्गाला?"

"अकरा वर्गांना हजर होतो."

"अकरा?"

"सतरंज्या घालायला." मामांनी ब्रश पुन्हा खळीत घातला. "एकदा बोलणारे पाव्हणेच आले न्हाईत. साहेब म्हणाले, शिकलगार, तुम्हीच चार शब्द बोला."

"मग?"

"मी च्या वाटला."

विश्वजितला हसायचं नव्हतं, तरी आलं. "आणि अकरा वर्गांत शिकलात काय?"

"कितीदा सांगितलं तरी फुडच्या रांगंत कोन बसत न्हाई."

मी हसू आवरायला टेबलाखाली वाकले आणि तिथंच बाटलीतून एक घोट पाणी प्यायले. रोज्याचे दिवस होते. मामांच्या ओठांवर पापडी धरली होती. त्यांच्यासमोर प्यायला मला कसंतरी व्हायचं.

"उघड पी की, पोरी," मामा वर न बघता म्हणाले. "रोजा माझा हाय."

मी बाटली वर ठेवली.

अभ्यासिकेतल्या पोरांची कुजबुज येत होती. बाहेर बाजारात कुणीतरी मोसंब्यांचा भाव ओरडत होतं, आणि दर वेळी तो आधीपेक्षा उतरलेला असायचा.

"आज वार कुठला?" मामांनी विचारलं.

"गुरुवार."

"म्हंजे बाजार."

"हो."

"आण्णाप्पा आला?"

विश्वजितनं घड्याळाकडे पाहिलं. साडेचार. "नाही."

"मागच्या गुरुवारी?"

"नाही बहुतेक."

"त्याच्या मागच्या?"

"रजिस्टर बघून सांगू का?"

"रजिस्टर मी बघितलंय."

विश्वजितनं माझ्याकडे पाहिलं. हे काय मधेच, असं. मी नंबर डकवला. वाकडा लागला.

आण्णाप्पा मगदूम साखर कारखान्यावर वॉचमन होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली. दर गुरुवारी बाजार उरकून ते वाचनालयात यायचे. भाजीची पिशवी दाराबाहेर ठेवायची, नळावर हात धुवायचे, टोपी काढायची आणि काउंटरशी येऊन विचारायचं, "मधमाश्यांचं पुस्तक आलं का ओ?"

मामा म्हणायचे, "बघतो की."

मग ते उठायचे. गुडघ्यांवर दोन्ही हात, तोंडात 'या अल्ला', आणि सावकाश वर. शेवटच्या कपाटापर्यंत जायचे. सगळ्यात खालच्या खणाशी वाकायचे. एकेका पुस्तकाच्या पाठीवर बोट ठेवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे. आण्णाप्पा मागं उभे. टोपी हातात.

"न्हाई बाबा. आज बी न्हाई."

"असू द्या, असू द्या. सावकाश."

मग आण्णाप्पा खिडकीशी बसायचे. पेपर उघडायचे. तासभर. जाताना पेपर नीट घडी करून होता तिथं ठेवायचे. आमच्याकडे ते एवढं कुणीच करत नाही.

मी हे दहा-बारा वेळा तरी पाहिलं होतं. मला वाटायचं, म्हाताऱ्याला विसरायला होत असेल. कुठल्या म्हाताऱ्याला, ते मी ठरवलं नव्हतं.

विश्वजितनं मात्र ठरवलं होतं. हे थांबलं पाहिजे. कारण संगणकावर सरळ दिसत होतं: मधमाशीपालनावरचं ते पुस्तक पुराच्या वर्षी भिजून बाद झालेलं. पाच वर्षांपूर्वी. वर्गात त्यांना शिकवलं होतं, मागणी ते पुस्तक, तीन मिनिटं. गृहपाठही दिला होता: एका समाधानी वाचकाची नोंद, फोटोसह.

त्यानं जिल्ह्याच्या ग्रंथालयातून तेच पुस्तक मागवून घेतलं. चार दिवसांत आणलं. स्वतःच्या दुचाकीवर, पिशवीत गुंडाळून. ते मला खरंच आवडलं होतं.

गुरुवार आला. मामा त्या दिवशी गुडघे दाखवायला मिरजेला गेले होते.

आण्णाप्पा काउंटरशी आले. "मधमाश्यांचं..." एवढंच म्हणाले असतील, विश्वजितनं पुस्तक त्यांच्या हातात ठेवलं.

"हे घ्या आप्पा! दहा सेकंद!"

आण्णाप्पा पुस्तकाकडे बघत राहिले. मग विश्वजितकडे. मग शेवटच्या कपाटाकडे.

"आलं व्हय..." ते म्हणाले.

"आलं! आता असं करा, पहिलं पान मोठ्यानं वाचा. मी व्हिडिओ घेतो."

अभ्यासिकेतल्या वीस-पंचवीस माना वर झाल्या.

"चष्मा ऱ्हायला बाळ, घरात."

"मग खिशात काय आहे?"

सगळे हसले. आण्णाप्पाही हसले. त्यांनी खिशातला चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, घातला. पान समोर धरलं. बराच वेळ. मग पान उलटलं. ते दुसरंही तेवढाच वेळ धरलं.

"लई चांगलं लिवलंय," ते म्हणाले.

पुस्तक काउंटरवर ठेवलं. खिडकीशी बसले नाहीत. पिशवी उचलली आणि गेले.

व्हिडिओ जमला नाही. फोटोवर भागलं. तो फोटो नवव्या प्रमाणपत्राच्या मागं, त्याच फोल्डरात होता.

मामांनी हात पुसले. फोल्डर ओढून घेतला. आठ प्रमाणपत्रं उलटली, नववं उलटलं, आणि फोटो काढून उजेडात धरला. दुसऱ्याचं तान्हं मूल हातात आल्यावर माणूस जसं धरतो, तसं आण्णाप्पांनी पुस्तक धरलं होतं.

"हे चुकलं म्हणता का तुम्ही?" विश्वजित म्हणाला. "मामा, ज्यासाठी म्हातारा पाच वर्षं खेटे घालत होता, ते मी त्याला दिलं. आता कशाला येईल तो? काम झालं त्याचं."

"घरी नेलं त्यानं पुस्तक?"

"...नाही. इथंच ठेवलं."

"वाचलं?"

"दोन पानं उलटली. सगळ्यांनी पाहिलं."

मामा माझ्याकडे वळले. "पोरी, तू होतीस न्हवं?"

"हो मामा."

"काय बघितलंस?"

विश्वजित माझा वरिष्ठ. मोजणीचे कागद माझ्याकडून तोच भरून घ्यायचा. तीन आठवडे मी जे कुणाला बोलले नव्हते, नवऱ्यालाही नाही, ते मी नंबरांच्या पट्टीकडे बघत सांगितलं.

"चष्मा घातला त्यांनी. पण... डोळे ओळीवरून फिरत नव्हते. एका जागी होते."

"चित्रावर असतील," विश्वजित म्हणाला.

"त्या पानावर चित्र नाही. मी नंतर उघडून पाहिलं."

पंखा भिंतीपर्यंत गेला, परत आला.

"म्हणजे?"

"त्याला वाचाय येत न्हाई, विश्वा," मामा म्हणाले. "सही तेवढी येती."

विश्वजितनं फोटो मामांच्या हातातून घेतला. पाहिला. उलटा करून ठेवला.

"तुला माहीत होतं?" त्यानं मला विचारलं.

"नाही. डोळे फिरत नव्हते, एवढंच माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस?"

मी नवीन आहे, असं म्हणणार होते. इतके दिवस मी सगळीकडे हेच उत्तर देत होते, घरी आणि इथं. या वेळी तोंडातून निघालं नाही.

"मग पुस्तक मागायचा कशाला?" विश्वजित मामांकडे वळला. "आणि तेच एक? दर गुरुवारी तेच?"

"त्याला एकाच पुस्तकाचं नाव ठावं होतं."

"ते कसं?"

मामांनी पाय लांब केले. गुडघा वाजला. त्यांनी तो थोडा वेळ चोळला.

"पूर वसरल्यावर चिखल काढाय कारखान्यानं चार मानसं दिली हुती. त्यात हा. खालचा खण सगळा लगदा. घमेल्यानं बाहीर टाकत हुता. एक पुस्तक उचललं आनि मला म्हनला, मामा, ह्ये कशाचं हुतं? मी सांगितलं, मधमाश्यांचं."

"आणि?"

"ते त्यानं घमेल्यात टाकलं न्हाई. हातात धरून हुबा ऱ्हायला." मामा थांबले. "मग टाकलं."

"म्हणजे ते पुस्तक गेलंय, हे त्याला..."

"त्यानंच टाकलं की."

"आणि तुम्हाला..."

"मी तितंच हुतो."

"आणि तरी पाच वर्षं... मामा, तुम्ही दोघं करत काय होता?"

"तो मागत हुता. मी बघत हुतो."

"खोटं खोटं."

"रोजा हाय माझा, लेका." मामांचा आवाज चढला नाही, उलट आणखी खाली गेला. "वाकून बघत हुतो. येकेका पुस्तकावर बोट ठिऊन. सापडत नव्हतं, येवढंच."

विश्वजित उठला. दोन पावलं गेला, परत आला. त्याला राग आला होता, आणि तो कुणावर आलाय ते त्याला ठरवता येत नव्हतं.

"पण यायला कुणी अडवलं होतं का त्याला? नुसतं यायचं, बसायचं! वाचनालय सगळ्यांसाठी खुलं आहे. बाहेर एवढी मोठी पाटी लावलीय आपण."

"व्हय," मामा म्हणाले. "पाटी हाय."

विश्वजितला ते कळायला एक क्षण लागला. मग तो बसला.

"आणि... बसून करतो काय तो तासभर?"

"मशिदीत निम्म्या लोकांस्नी अरबी कळत न्हाई. मी बी त्यातलाच. म्हनून जायाचं सोडलंय व्हय?"

बाहेर मोसंबीवाला थकला होता. आता तो भाव सांगत नव्हता, नुसतं "घ्याऽऽ" म्हणत होता.

विश्वजितचा चेहरा उतरत गेला, ते मी पाहिलं. त्याला तो गुरुवार आता एकेक करून आठवत असणार. दहा सेकंद. मोठ्यानं वाचा. खिशात काय आहे. वीस-पंचवीस पोरांचं हसणं. तो वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर इतका वेळ लागला नसता.

एकदम त्यानं गाडीची चावी उचलली.

"मी आत्ता त्यांच्या घरी जातो. माफी मागतो."

"बस."

"नाही मामा, मला जायलाच..."

"बस म्हनतो."

तो बसला.

"कशाची माफी मागनार?"

"चारचौघांत मी त्यांना..."

"त्याला वाटतंय, निभावलं. चष्मा घातला, पान पलटलं, चांगलं लिवलंय म्हनून सुटला. कुनाला कळलं न्हाई. तू माफी मागाय गेलास की त्याला कळंल, तुला कळलं."

विश्वजितनं चावी टेबलावर ठेवली. ती घसरून खळीच्या डब्याला लागली. त्यानं ती उचलली नाही.

"मग मी काय करू?"

मामांनी पुढचं पुस्तक घेतलं. त्याची पाठ पूर्ण सुटली होती. पानं एकत्र ठोकून सारखी केली. चार बाजूंनी ठोकावी लागतात, तेव्हा कुठं एक बाजू सारखी होते.

"सांगा की मामा. मी करतो. काय म्हणाल ते करतो."

ठक. ठक.

"तुम्ही असता त्या दिवशी, तर काय केलं असतं? पुस्तक हातात असताना नाही म्हटलं असतं?"

"न्हाई म्हनायला बी उठावं लागतंय," मामा म्हणाले. "तू बसूनच हो म्हनलास."

विश्वजितनं डोकं दोन्ही हातांत धरलं. मला वाटलं, आता तो रडेल. मी नजर दुसरीकडे वळवली. लग्न झाल्यापासून एवढं मला चांगलं जमायला लागलंय, कुणाचं काही बघितलं नाही असं बसणं.

मिनिटभर तो तसाच होता. दीड मिनिट असेल.

मग त्यानं डोकं वर काढलं. डोळे ओले होते, पण त्यात काहीतरी हललं होतं. त्यानं माझ्यापुढचा कोरा कागद ओढून घेतला.

"प्रौढांसाठी वर्ग काढता येईल," तो म्हणाला. "शनिवारी. आप्पांचं नाव घ्यायचंच नाही. कारखान्याच्या सगळ्या जुन्या लोकांसाठी म्हणून जाहीर करायचं. साक्षरतेचं प्रशिक्षण झालंय माझं, दोन दिवसांचं."

मामा पानं ठोकत होते.

"ऐकायची पुस्तकं आणू. खिडकीशी दोन हेडफोन. चित्रांच्या पुस्तकांचं वेगळं कपाट, मोठ्या माणसांसाठी, कुणाला संशय येणार नाही अशा जागी. अभिप्राय तोंडी घ्यायचे. फोटो बंद. फोटो एकदम बंद!" तो भराभर लिहीत होता. "बाहेरच्या पाटीवर चित्र काढून घेऊ. उघडं दार. आत बसलेली माणसं."

खरं सांगायचं तर सगळंच चांगलं होतं. मला त्यातलं काही खोडता आलं नसतं.

"आणि ते पुस्तक आजच जिल्ह्याला परत पाठवतो. संगणकावर पुन्हा 'उपलब्ध नाही' करतो. पुढच्या गुरुवारी आप्पा आले..." तो थांबला. "येतील ना?"

"पुस्तक गेलं म्हनून मी बाजारात सांगीन कुनाला तरी. त्याच्या कानावर जाईल."

"मग आले की मी स्वतः उठणार. तुम्ही नाही उठायचं, तुमचे गुडघे... मी उठणार."

आणि तो खरंच उठला. गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून, सावकाश. वय एकोणतीस. शेवटच्या कपाटापर्यंत गेला. सगळ्यात खालच्या खणाशी वाकला. बोट एकेका पाठीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं. एकही पुस्तक सोडलं नाही. मग वळला आणि मामांच्याच आवाजात, मान तशीच तिरकी करून म्हणाला, "न्हाई बाबा. आज बी न्हाई."

हुबेहूब. मला काटा आला.

"असंच ना, मामा?"

मामा त्याच्याकडे बघत होते. किती वेळ, सांगता येणार नाही. त्या बघण्यात राग नव्हता. उन्हातून लांब चालून आलेल्या माणसाला गाव दिसावं, आणि मधे अजून एक ओढा आहे हेही दिसावं, तसं काहीतरी होतं.

"कळलं मला मामा," विश्वजित परत येऊन बसला. घाम पुसला. चेहरा स्वच्छ झाला होता. नऊ प्रमाणपत्रं त्यानं फोल्डरात घातली आणि फोल्डर स्वतःहून बाजूला सारला. "याचा काही उपयोग नाही, हेही कळलं. आता सगळं कळलं."

जिन्यावर चपला वाजल्या.

कार्यवाह देशमाने वकील खाली आले. हातात इतिवृत्ताचं रजिस्टर, बोटात उघडलेलं पेन. वर खुर्च्या सरकल्याचे आवाज येत होते. पाचला दोन मिनिटं होती.

ते टेबलाशी थांबले. चौतीस वर्षांत बहुतेक दोनदाच कुणीतरी असं येऊन थांबलं असेल.

"काय मामा? याला बसवू का?"

विश्वजित ताठ बसला. त्यानं हात मांडीवर घेतले.

मामांनी ब्रश डब्यात ठेवला. पोराच्या खांद्यावर हात ठेवला. खळ लागेल म्हणून बोटं वर उचलून, नुसता तळवा.

"आज नको, वकीलसाहेब. आज त्याला सगळं कळलंय."